‘ऑल सीझन’ टायर आणि मनालीचा बर्फ: सीझन नेमके कोणाचे?

बऱ्याच जणांनी मागितलं म्हणून ह्या एपिसोडचं लेखी रूप टाकतोय. ऐकताना जे आकडे भर्रकन निघून गेले असतील, ते इथे थांबून बघता येतील. वाक्यं थोडी नीट केलीत, बाकी बोललो तसंच आहे.

विषय निघाला तो आपल्या उमरखेडच्याच एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून. मेसेज असा होता: “भाऊ, डिसेंबरात आम्ही पाच जणं गाडीनं मनालीले चाललो. टायर आत्ताच नवे टाकले. दुकानवाला म्हणते, ऑल सीझन परफॉर्मन्स हाय, बर्फातबी काही होत नाही. खरं हाय का?”

सरळ उत्तर आधी देतो. मनाली गावापर्यंत, रस्ता कोरडा असेल तर, चालतंय. बर्फ पडलेल्या किंवा रात्री गोठलेल्या रस्त्यावर ह्या टायरवर भरवसा ठेवायचा नाही. गाडी कदाचित पुढे जाईलही. प्रश्न तो नाहीच. प्रश्न आहे ती थांबेल का, आणि वळेल का. आता हे असं का, ते बघू.

सुरुवात बर्फापासून न करता चिखलापासून करतो, कारण चिखल आपल्याला माहीत आहे. पोळ्याच्या आसपास, चांगला पाऊस झाल्यावर पांदण रस्त्यानं मोटारसायकल काढून बघा. शंभर मीटरमध्ये चाक चिखलाचा गोळा होतं. मग मडगार्ड आणि चाकाच्या मधे काळी माती ठासून भरते, चाक फिरायचं थांबतं आणि आपण उतरून काडीनं चिखल उकरत बसतो. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते, उन्हाळ्यात तीच आकसून भेगा पडतात. टायरच्या खाचा ह्या मातीनं भरल्या की टायर गुळगुळीत झाला असं समजा. ओला चिखल ओल्या चिखलावर घसरतो. म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला लांब लांब अंतरावर जाड तिरपे दात असतात. चाक फिरलं की मधला चिखल बाहेर फेकला जावा, हा त्यामागचा विचार.

बर्फाचं नेमकं उलटं आहे. भुसभुशीत बर्फ मुठीत दाबला की त्याचा घट्ट गोळा होतो. मनालीला गेलेल्या प्रत्येकानं हे करून बघितलंय, फोटोसकट. म्हणजे दाबलेला बर्फ बर्फाला धरतो. बर्फासाठी बनवलेला टायर ह्याच गोष्टीचा फायदा घेतो. त्याच्या खाचांमध्ये बर्फ भरून बसतो आणि खाचेतला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला पकडतो. नुसत्या रबरापेक्षा ही पकड जास्त असते. त्याशिवाय टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात, त्यांना साइप म्हणतात. चाक टेकलं की ह्या चिरा थोड्या उघडतात आणि प्रत्येक चिरेची कड बर्फात रुतते. विंटर टायरवर अशा चिरा अक्षरशः सगळीकडे असतात.

म्हणजे चिखलाच्या टायरनं खाचेतला माल फेकायचा आणि बर्फाच्या टायरनं तो धरून ठेवायचा. तरीही जगभरच्या टायरवर ‘एम प्लस एस’ असा एकच शिक्का दिसतो, मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ. मला ह्या शिक्क्याची कायम गंमत वाटते. तो मिळवायला टायर बर्फात चालवून दाखवावा लागत नाही. खाचांची रुंदी, ठेवण, मोकळी जागा असं भूमितीचं गणित जमलं की कंपनी शिक्का मारू शकते. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड कंपाइल झाला, टेस्ट रन केलीच नाही.

आता परफॉर्मन्स ह्या शब्दाकडे येऊ. ठोकळ्यावर जास्त चिरा मारल्या की ठोकळा लेचापेचा होतो. गरम डांबरावर शंभरच्या वेगात वळण घेतलं की तो वाकतो आणि गाडी ढिली वाटते. म्हणून परफॉर्मन्स टायरमध्ये चिरा कमी, ठोकळे मोठे आणि टणक, बाजूची भिंत बुटकी आणि कडक ठेवतात. स्टीअरिंग फिरवलं की गाडी लगेच ऐकते. आपल्या तुळजापूर ते बुटीबोरी हायवेवर, हदगाव-उमरखेड-महागाव पट्ट्यात, अशा टायरची मजा खरंच येते. पावसातही येते. मधल्या रुंद सरळ खाचा पाणी बाहेर काढायचं काम चांगलं करतात, तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण हायवेला ज्या गुणानं तो चांगला, त्याच गुणानं बर्फात तो कच्चा पडतो.

नक्षीच्या मागे दुसरी गोष्ट आहे, ती डोळ्याला दिसत नाही: रबर. टायर रस्ता धरतो म्हणजे काय, तर रबर मऊ असल्यामुळे रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात बसतं आणि चिकटतं. थंडी वाढली की रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्यांची हालचाल मंद होते आणि रबर ताठ व्हायला लागतं. खूप खाली गेलं तर ते काचेसारखं कडक होतं. नैसर्गिक रबर साधारण उणे ७० अंशांपर्यंत तग धरतं. पण टायरमध्ये नुसतं नैसर्गिक रबर नसतं. सिंथेटिक रबर, कार्बन ब्लॅक, सिलिका, तेलं अशी खिचडी असते. कोणत्या तापमानाला किती मऊ राहायचं, हे त्या खिचडीच्या प्रमाणावर ठरतं. ४५ अंशांच्या उन्हात, त्याहून कितीतरी जास्त तापलेल्या डांबरावर जो टायर पातळ पडू नये म्हणून बनवलाय, तो उणे ५ ला मऊ कसा राहणार? रस्ता कोरडा असला तरी त्याची पकड कमी झालेली असते, बर्फ तर पुढची गोष्ट.

थंडीत ताठ झालेलं रबर काय करू शकतं, ह्याचं जगातलं सगळ्यात दुःखद उदाहरण म्हणजे चॅलेंजर. २८ जानेवारी १९८६ ला हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. त्या सकाळी फ्लोरिडात असामान्य थंडी होती. रॉकेटच्या जोडातली रबरी कडी थंडीनं ताठ झाली आणि तिनं फट वेळेवर बुजवली नाही. चौकशीत रिचर्ड फाइनमन ह्या भौतिकशास्त्रज्ञानं त्या रबराचा तुकडा दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून सोडला आणि सगळ्यांसमोर दाखवलं की तो लगेच मूळ आकाराला येत नाही. टायरच्या बाबतीत आपल्याला हेच हवं असतं. दाबल्यावर लगेच परत यायचं, दर सेकंदाला दहा-बारा वेळा.

युरोपात ह्यावरून ७ अंशांचा ठोकताळा सांगतात: तापमान सातच्या खाली जायला लागलं की उन्हाळी टायर काढा. सातला रबर अचानक दगड होतं असं काही नाही, बदल हळूहळू होतो. लोकांना लक्षात राहायला सोपा म्हणून तो आकडा. आपल्याकडे पहाटे शेकोटी पेटवायची वेळ आली तरी दुपारी ऊन असतंच, त्यामुळे उमरखेडला ह्या ठोकताळ्याची गरज कधी पडली नाही. आणि म्हणूनच दुकानदाराला दोष द्यावासा वाटत नाही. त्याच्या दुकानात ‘ऑल सीझन’चा अर्थ उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. आपला हिवाळा.

हा शब्द मुळात अमेरिकेतला. गुडइयर कंपनीनं १९७७ मध्ये टिएम्पो नावाचा टायर ऑल सीझन म्हणून आणला आणि हा प्रकार तिकडे घरोघर पोचला. त्याआधी बर्फाच्या भागातले लोक वर्षातून दोनदा टायर बदलायचे. फिनलंडमध्ये तर खास बर्फाचा टायर १९३४ पासून बनतोय. अमेरिकनांना दोनदा बदलायचा कंटाळा, म्हणून मधला मार्ग निघाला. उन्हाळ्यात बरा, बर्फात बरा, दोन्हीकडे पहिला नंबर नाही. परफॉर्मन्स ऑल सीझन म्हणजे त्या मधल्या मार्गावरून आणखी उन्हाळ्याकडे सरकलेला टायर.

मग टायर बघून कसं ओळखायचं? मोबाइलचा टॉर्च लावा आणि टायरच्या भिंतीवरचं वाचा. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत बर्फाची चांदणी असं चित्र दिसलं, तर तो टायर खरंच बर्फात चालवून बघितलेला आहे. त्याला थ्री पीक माउंटन स्नोफ्लेक म्हणतात. १९९९ मध्ये अमेरिका-कॅनडात तो सुरू झाला. ठरवून दिलेल्या एका प्रमाण टायरपेक्षा दाबलेल्या बर्फावर साधारण १० टक्के जास्त ओढ मिळाली की हे चित्र लावता येतं. मात्र ही मूळ चाचणी गाडी पुढे ओढण्याची आहे. ब्रेकची नाही, वळणाची नाही, गोठलेल्या गुळगुळीत बर्फाची तर नाहीच. चित्र असलेला टायर चित्र नसलेल्यापेक्षा बर्फात नक्कीच चांगला, पण चित्र म्हणजे कवच नव्हे.

दोन अक्षरं लोकांना हमखास फसवतात. टायरवर ‘टेंपरेचर ए’ लिहिलेलं असतं. अनेकांना वाटतं, हा कुठल्याही तापमानाला चालतो. तसं नाही. वेगात पळताना टायर स्वतः तापतो ती उष्णता तो किती सोसतो, त्याचा तो शेरा आहे. तसंच ‘ट्रॅक्शन ए’ म्हणजे ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावरची पकड. बर्फाचा त्यात संबंध नाही. आणि हो, चार आकड्यांचा कोडही बघून घ्या. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ‘नवा’ म्हणून घेतलेला टायर गोडाउनमध्ये चार वर्षं पडलेला असेल, तर रबर तेवढं आधीच ताठलेलं असतं.

आता हिशोब. इथेच सगळा जीव अडकलाय. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबते, हे वेगाच्या वर्गावर आणि घर्षणावर ठरतं. कोरड्या डांबरावर घर्षणाचा आकडा ०.८ च्या आसपास धरा. दाबलेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो. गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर ०.१ किंवा त्याहून कमी. ताशी ४० किलोमीटरच्या वेगानं जाणारी गाडी कोरड्यात ८ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिलाच ३२ मीटर लागतात. काचेसारख्या बर्फावर ६३. हे अंतर ब्रेक लागल्यानंतरचं. आपल्याला दिसून, कळून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर ११ मीटर अजून वाढवा. आणि रस्ता उताराचा असेल तर आणखी. मनालीच्या वर सपाट रस्ता असतो तरी कुठे?

ह्याच हिशोबातून कामाची गोष्ट निघते. वेग निम्मा केला की थांबायचं अंतर पाव होतं. बर्फावर २० च्या वेगात गाडी तेवढ्याच अंतरात थांबते, जेवढ्यात कोरड्यावर ४० च्या वेगात थांबली असती, म्हणजे ८ मीटर. म्हणून बर्फावर २० हा काही भित्र्याचा वेग नाही.

फोर बाय फोरवाल्यांसाठी इथे एक निरोप. चारही चाकांना ताकद मिळते त्यामुळे गाडी बर्फातून सहज निघते, हे खरं. पण ब्रेक तर प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात. थांबताना फोर बाय फोर आणि साधी हॅचबॅक एकाच पंगतीत बसतात, उलट जड गाडीला वळणावर आवरणं कठीण. गाडी सहज निघाली म्हणून चालवणाऱ्याचा विश्वास वाढतो, विश्वासासोबत वेग वाढतो आणि पहिल्याच उतारावर ब्रेक दाबल्यावर कळतं. एबीएसचंही तसंच. चाक लॉक होऊ न देणं, म्हणजे ब्रेक दाबूनही स्टीअरिंग ऐकेल हे बघणं, एवढंच त्याचं काम. जी पकड रस्त्यात नाही ती तो आणणार कुठून?

रुंद टायरचंही सांगून टाकतो, कारण आपल्याकडे अलॉय टाकून एक साइज मोठा टायर बसवायची हौस फार. भुसभुशीत ताज्या बर्फात रुंद टायर वर तरंगतो आणि पुढे बर्फाचा ढीग लोटत जातो. अरुंद टायर बर्फ कापून खाली घट्ट थरापर्यंत पोचतो. थंड देशांत म्हणूनच हिवाळ्यासाठी बरेच लोक कंपनीनं मान्य केलेल्यांपैकी अरुंद साइज निवडतात.

थंड देशांचा विषय निघालाच आहे तर आपली माणसं तिकडे काय करतात ते बघा. जर्मनीत नोकरीला गेलेल्या मराठी पोरांना पहिल्याच वर्षी एक वाक्य ऐकायला मिळतं: ऑक्टोबर ते ईस्टर, हिवाळी टायर. तिथे तारखेचं बंधन नाही, रस्त्याची अवस्था हिवाळी असेल तर टायर हिवाळी हवा असा कायदा आहे. नुसत्या ‘एम प्लस एस’ शिक्क्याला तिथे ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतच सूट होती. आता डोंगर-चांदणीचं चित्र लागतंच. चित्र असलेला ऑल सीझन चालतो. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचेच. ऑस्ट्रियात खाच ४ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की हिवाळी टायर हिवाळी धरतच नाहीत. आपल्याकडे कारचा टायर १.६ मिलिमीटरपर्यंत चालतो, तो आकडा पावसाच्या दृष्टीनंही काठावरचाच, बर्फ धरायला त्यात जागाच उरत नाही. आणि हे टायर बनवण्यात आपण मागे आहोत असंही नाही. अपोलोनं २००९ मध्ये नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन ही कंपनी घेतली, तिचे ऑल सीझन टायर युरोपात नावाजलेले आहेत. सीएटही युरोपात हिवाळी टायर विकते. आपल्या दुकानात ते दिसत नाहीत, कारण इथे त्यांना गिऱ्हाईक नाही. मे महिन्यातल्या यवतमाळ रोडवर विंटर टायर टाकून फिरलात तर तो खोडरबरासारखा झिजेल.

आता मनाली. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला. लांबी ९.०२ किलोमीटर, उंची समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरच्या वर. त्याआधी हिवाळ्यात रोहतांग बंद झाला की पलीकडचं लाहौल तुटायचं. आता डिसेंबरातही पर्यटक सिस्सूपर्यंत जातात, म्हणजे आपल्यासारख्या मैदानातल्या गाड्या पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या संख्येनं बर्फात पोचायला लागल्या. सोलंगच्या वर दुपारी उन्हानं बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावर पसरतं आणि सूर्य डोंगराआड गेला की तेच पाणी गोठतं. हा थर पारदर्शक असतो, खालचं डांबर दिसतं, रस्ता नुसता ओला वाटतो. शून्याच्या आसपासचा बर्फ सगळ्यात वाईट, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो. खूप थंड, कोरडा बर्फ त्यापेक्षा बरा. म्हणून परतीची वेळ दुपारी तीनच्या आतली ठेवा, सूर्यास्त बघून निघू म्हणू नका.

जोराचा बर्फ पडला की पोलीस बऱ्याचदा फक्त फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच वर सोडतात. तिथे हुज्जत घालू नका. चेन घ्यायची असेल तर टायरवरचा साइज नंबर बघून घ्या आणि उमरखेडलाच अंगणात दोनदा लावून-काढून बघा. बर्फात, बोटं बधिर झालेली असताना पहिल्यांदा शिकायची गोष्ट नाही ती. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला चेन पुढे लागते, मागे लावली तर गाडी निघायचीसुद्धा नाही. बुटक्या टायरच्या गाडीत चेन आतल्या भागांना घासते का, ते मॅन्युअलमध्ये असतं. चेन लावून साधारण ४० च्या वर जायचं नाही आणि कोरडं डांबर आलं की काढायची.

माझं मत विचाराल तर पाच जण आणि डिक्की भरून सामान घेतलेली गाडी मनालीत पार्क करा आणि वर जायला तिथल्या टॅक्सीवाल्याची गाडी करा. पैसे थोडे जातील. पण तो माणूस त्या वळणावर दर हिवाळ्यात रोज जातो, आणि कोणत्या दिवशी जायचं नाही हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

राहिली हवा. ह्यावर हमखास चुकीचे सल्ले मिळतात, कोणी म्हणतं कमी कर, कोणी म्हणतं वाढव. उमरखेडला दुपारी ३० अंशांत ३३ पीएसआय भरली आणि गाडी उणे ५ ला नेली, तर नुसत्या थंडीनं पाच-सहा पीएसआय उतरते. पण उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे ३,००० मीटरवर गेज चारेक पीएसआय जास्त दाखवतं. दोन्हींची वजाबाकी होऊन बोगद्यापाशी ३१-३२ दिसेल, खाली मनालीत ३० च्या आसपास. तेव्हा अंदाजावर जाऊ नका. दोनशे-चारशे रुपयांचं गेज सोबत ठेवा, सकाळी गाडी सुरू करायच्या आधी, टायर थंड असताना मोजा आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढा आकडा करा. परत येताना मैदानात उतरल्यावर पुन्हा मोजा, कारण वर भरलेली हवा खाली गरमीत जास्त होते.